ओला-सुका वेगळा करून नक्की फायदा काय? कोल्हापुरातल्या फ्लॅटमधे काय जमेल ते सांगा

जवाहरनगरची_सून

नमस्कार सगळ्यांना. आमचं घर जवाहरनगरला, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, घरात सासूसासरे, आम्ही दोघं आणि दोन पोरं. बरेच दिवस झाले मी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायलीय, हिरवी बादली ओल्याला, निळी सुक्याला, कचऱ्याचं टिप्पर आलं की दोन्ही खाली नेऊन देते. पण शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या की म्हणतात, अगं कशाला एवढा खटाटोप, गाडीत जाऊन सगळं एकच होतंय. आमचे हे पण त्यांचीच री ओढतात. मला मनापासनं वाटतंय की हे करायला पाहिजे, पण कुणी समोरून विचारलं की ह्याचा फायदा काय, तर मला नीट सांगता येत नाही, म्हणून इथं विचारायलीय.

सुका म्हणून आपण जे देतो त्यातलं खरंच काय परत वापरात येतं आणि काय नुसतं ढिगावर जातं? दुधाच्या पिशव्या धुवून ठेवायच्या का ते उगाच पाणी घालवणं आहे? ओल्याचं खत घरात करता येईल का, आमच्याकडं गॅलरी आहे ती पण छोटीच, आणि एकदा जरी वास आला तर सासूबाई दुसऱ्या दिवशी बंद करायला लावतील. आणि रविवारी मटण असतंय, त्या हाडांचं काय करायचं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, पुस्तकातलं नको.


कळंबा_गच्चीबाग

ताई, वासाचं आधी सांगते कारण तिथंच निम्मे लोक सोडून देतात. भाजीचे देठ, साली, फळं ह्यात बहुतेक पाणीच असतंय. ते पाणी बुडाला साचलं आणि आत हवा जाईना झाली की हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि तो नासका वास सुटतो. म्हणजे वास कचऱ्याचा नाही, कोंडलेल्या पाण्याचा. हवा खेळती ठेवली आणि ओल्याबरोबर कोरडं घातलं की वास येत नाही, तयार होत आलं की उलट पहिल्या पावसानंतर शेतातनं येतो तसा मातीचा वास येतो.

गॅलरीला रंगाच्या २० लिटरच्या दोन बादल्या बास होतात. ड्रिलनं बुडाला आणि बाजूनं चहूकडं बारीक भोकं पाडून घ्या, खाली ताट ठेवा आणि ताटात दोन विटा ठेवून त्यावर बादली, म्हणजे खालनं पण हवा लागते आणि पाणी गळलं तर ताटात पडतं. तळाला नारळाच्या शेंड्यांचा चांगला जाड थर द्यायचा, कोल्हापुरात शेंड्यांना काही तोटा नाही. मग रोजचा कचरा, शक्य तेवढा बारीक चिरून, आणि त्यावर जवळजवळ तेवढाच लाकडाचा भुसा किंवा वाळलेला पाला. हे वरचं कोरडं कधीच चुकवायचं नाही, सगळं गणित त्यातच आहे. भाजीपाल्यात नायट्रोजन जास्त असतो, भुशात-पाल्यात कार्बन, आणि खत करणाऱ्या जिवाणूंना एका भागाला २५ ते ३० भाग असा कार्बन लागतो, तो भुसा देतो आणि जास्तीचं पाणीही तोच पिऊन घेतो. सुरुवातीला विरजण म्हणून कुणाकडचं तरी जुनं खत दोन ओंजळी नाहीतर थोडं शेणखत टाका, ते नाही मिळालं तर आंबट ताकात गुळाचा खडा विरघळवून शिंपडलं तरी चालतं.

दोन-तीन दिवसांनी खालवर करायचं. आणि एक पारख सांगते ती नीट लक्षात ठेवा, बादलीतलं मूठभर हातात घ्यायचं आणि घट्ट दाबायचं. बोटांच्या फटीतनं एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर आहे. धार लागली तर पाणी जास्त झालंय, भुसा घाला आणि हलवा. मूठ उघडल्यावर गोळा लगेच विस्कटून भुगा झाला तर कोरडं पडलंय, पाण्याचा हबका मारा. हातमोजे घालून करा पण हातानंच करा, बघून ते कळत नाही. दाबलेल्या मुठीत ऊबही जाणवते, जिवाणू कामाला लागले की आतला माल गरम होतोच. पहिली बादली भरली की झाकून बाजूला, दुसरी सुरू. पहिलीचं साधारण दीड-दोन महिन्यांत काळंभोर खत होतं, तोवर दुसरी पण भरली तर अजून एक बादली घ्या. चाळताना आंब्याची कोय, मक्याचं कणीस असलं काही राहिलं तर परत बादलीत टाकायचं.

अळ्या होतील, घाबरू नका. चपट्या तपकिरी अळ्या असतात त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या, ती माशी आपल्या अन्नावर बसत नाही की चावत नाही, अळ्या मात्र कचरा भराभर संपवतात. नको असतील तर भुसा वाढवा, कमी होतात. चिलटं झाली तर फळांच्या साली वर उघड्या ठेवू नका, खाली दाबा.

आता मटण. हाडं, रश्शाचा तवंग, मिसळीचा उरलेला कट, तळणाचं तेल ह्यातलं काही बादलीत नाही. तेलाचा थर बसला की हवा जायची वाट बंद होते, आणि मटणाच्या वासानं मांजरं-घुशी येतात. हाडं कागदात गुंडाळून गाडीच्या ओल्यात द्या. शिजलेली हाडं कुत्र्यांना पण घालू नका, त्यांचे काचेसारखे टोकदार तुकडे होऊन घशात-आतड्यात रुततात. अंड्याची टरफलं चुरून चालतात. चहाचा चोथा धुवून घाला, साखर राहिली की मुंग्या लागतात.

आणि सासूबाईंना पहिल्या दिवसापासनं बरोबर घ्या. त्यांच्या माहेरी परड्यात उकिरडा असणारच, त्यांना हे शिकवावं लागत नाही. आमच्या आत्याबाईंनी बादलीत डोकावून भुसा कमी पडलाय एवढंच सांगितलं आणि ते बरोबर होतं.


उचगाव_स्क्रॅपवाला

वहिनी, आमचा भंगारचा धंदा हाय, वडलांपासनं, तवा सुक्याचं मी सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे सुका कचरा सुका असला तरच त्याला मोल हाय. रद्दीवर आमटी सांडली की ती रद्दी राहत न्हाई, पुठ्ठा भिजला की वजन वाढतंय पण माल बाद होतोय, आणि एकदा ओल्यात मिसळलेला माल धुवून वाळवून परत चांगला करायला जेवढा खर्च येतोय तेवढा त्याला भावच नसतोय. म्हणून तुम्ही घरात ज्या दोन बादल्या केल्यात ना, तिथंच निम्मं काम झालंय, पुढचं कुठलं मशीन ते काम करू शकत न्हाई.

कागद, वह्या, पुठ्ठा, सगळं पेपर मिलला जातंय. कागदाचा धागा दरवेळी आखूड होत जातोय त्यामुळं पाच-सात फेऱ्यांनंतर तो संपतोय, तोवर चालतोय. भज्याचा तेलकट कागद, चहाचे कागदी कप आणि दुकानात मशिनमधनं येणारी ती गुळगुळीत बिलं मात्र चालत न्हाईत, कपाला आतनं प्लॅस्टिकचा पातळ थर असतोय आणि बिलाच्या कागदाला केमिकल असतंय.

लोखंडाचं तर कोल्हापूरकरांनी अभिमानानं सांगावं असं हाय. शिरोली, गोकुळ शिरगाव, आपलं उद्यमनगर, इथल्या फाउंड्र्यांमधे लोखंड वितळवून कास्टिंग ओततात त्यात पिग आयर्न म्हणजे कच्च्या लोखंडाबरोबर स्क्रॅप पडतंच. तुमच्या घरातली मोडकी खाट, जुना तवा, गंजलेलं गेट हे काही लांब कुठं जात न्हाई, गावातल्याच भट्टीत वितळून कुठल्या तरी पंपाचं नाहीतर गाडीचं पार्ट होऊन बाहेर पडतंय.

अ‍ॅल्युमिनियम सगळ्यात भारी. एक टन अ‍ॅल्युमिनियम खाणीतनं काढायचं म्हटलं तर साधारण चार टन बॉक्साइट लागतंय आणि वर भरमसाठ वीज, तेच जुनी भांडी, जुना कुकर, कॅन वितळवून केलं तर त्यातली ९५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा वाचतीय. आणि बॉक्साइट कुठनं येतंय? आपल्याच राधानगरी, शाहूवाडीकडच्या डोंगरात त्याच्या खाणी झाल्यात, लाल उघडे पडलेले सडे, म्हणजे डोंगरावरची पठारं, ज्यांनी बघितलेत त्यांना मी काय म्हणतोय ते कळंल. म्हणून फॉइलचा डबा असला तरी तो धुवून द्या, टाकू नका.

काच कितीबी वेळा वितळवली तरी खराब होत न्हाई. अख्खी बाटली असली तर ती धुवून परत भरायलाच जातीय, फुटलेली काच मात्र जाड कागदात गुंडाळून वर काच म्हणून लिहून वेगळी द्या, आमच्या पोरांचे हात कापतात ओ.

आता प्लॅस्टिक, हितं सगळ्यांचा घोळ होतोय. बाटलीच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतोय तो बघायचा. १ म्हणजे पाण्याची, कोल्ड्रिंकची बाटली, तिचे तुकडे करून धागा काढतात, कापड, चटया, उशीत भरायचा कापूस होतोय. २ म्हणजे शाम्पूची बाटली, तेलाचा कॅन, त्याच्या बादल्या-पाइपा होतात. ५ म्हणजे डबे, खुर्च्या, त्यालाबी गिऱ्हाईक हाय. ४ मधे तुमच्या दुधाच्या पिशव्या येतात. ६ म्हणजे थर्माकोल, ते जागा खातंय आणि वजनाला काहीच न्हाई, त्यामुळं कुणी उचलत न्हाई. आणि वेफर्सची, बिस्किटांची चकाकणारी पाकिटं, त्यात प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत न्हाई, म्हणून ती आम्ही घेतच न्हाई. लई झालं तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातात. त्याला मी रिसायकल म्हणत न्हाई, त्याला एकच उपाय, कमी आणा. पोरांना सुटे शेंगदाणे-फुटाणे, घरचा चिवडा द्या, तेवढीच पाकिटं कमी.

दुधाची पिशवी जरूर धुवा. पेलाभर पाणी बास होतंय, तेच पाणी चहात नाहीतर झाडाला घाला म्हणजे वाया जाण्याचा प्रश्नच न्हाई. पण कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, एका कडेला लटकत राहू दे. तो तोडलेला नखाएवढा त्रिकोण कुणालाच सापडत न्हाई, केरात जातोय, गटारीत जातोय. पिशव्या दोरीला चिमट्यानं वाळवा आणि एकात एक कोंबून गठ्ठा करा. न धुतलेला गठ्ठा दोन दिवसात असा वास मारतोय की माल घेणारा भाव पाडतोय नाहीतर परत पाठवतोय.


शिवाजीपेठकर

वाचलं सगळं, चांगलं लिहिलंय. पण मूळ प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही. आमच्या गल्लीत मी डोळ्यांनी बघितलंय, घरातनं वेगळा दिलेला कचरा गाडीत एकावर एक पडला. घरपट्टी आपण भरायची, वेगळा आपण करायचा आणि पुढं एकत्रच होणार असेल तर माणसानं सकाळच्या घाईत हे का करावं? मी भांडायला आलेलो नाही, मला खरंच उत्तर पाहिजे.


बावडा_नदीकाठ

दादा, प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर वरच्या दोन रिप्लायमधेच आहे, फक्त जोडून बघा. ओलं गॅलरीत मुरतंय आणि रद्दी, पुठ्ठा, बाटल्या, पत्रा भंगारवाल्याकडं जातोय, मग गाडीत एकत्र व्हायला उरलं काय? हाडं, पाकिटं, थोडा झाडलोटीचा केर. रोजची भरलेली बादली आठवड्याच्या एका पिशवीवर येते. पुढची व्यवस्था सुधारायलाच पाहिजे आणि त्याच्या मागं लागायलाच पाहिजे, पण तोवर आपल्या घरातला बराचसा कचरा त्या व्यवस्थेच्या हातात जातच नाही.

मी कसबा बावड्याचा, त्यामुळं लाईन बाजारकडचा झूमचा, म्हणजे शहराच्या कचरा डेपोचा, ढीग आम्हाला कुणी समजावून सांगावा लागत नाही. ढीग म्हणजे काय ते मात्र समजून घ्या. ओला कचरा सुक्याखाली दाबला गेला की आत हवा जात नाही आणि त्यातनं मिथेन तयार होतो. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट उष्णता धरून ठेवतो. आणि तो जळणारा वायू आहे, त्यात प्लॅस्टिक मिसळलेलं, उन्हाळ्यात ढीग धुमसायला लागला की प्लॅस्टिक जळल्याचा धूर घराघरात शिरतो, दम्याच्या माणसाला आणि लहान पोरांना काय होत असेल ते बघा. पाऊस पडला की त्याच ढिगातनं काळं पाणी पाझरतं आणि जमिनीत नाहीतर ओढ्या-नाल्यात जातं. तुम्ही भाजीचे देठ घरात ठेवून घेतले की हे सगळं तेवढ्यापुरतं होतच नाही. फायदा काय असं काकूंनी विचारलं तर हा सांगा, हा आमचा, बावड्यातल्या लोकांचा फायदा आहे, आणि तो पहिल्या दिवसापासनं होतो.

अजून एक, ढिगावर बायका काम करतात. मिसळलेल्या कचऱ्यात हात घालून बाटली, पत्रा शोधतात, त्यातच फुटकी काच, सुया, वापरलेली पॅड. सुका माल कोरडा आणि वेगळा मिळाला तर त्याच बाईचं काम निम्म्या वेळात होतं, हातही चांगले राहतात आणि मालाला भावही जास्त येतो. कोल्हापुरात अवनि, एकटी अशा संस्था कचरावेचक बायकांबरोबर काम करतात, त्यांच्याशी एकदा बोला, कचऱ्याकडं बघायची नजर बदलते.

पुराचं पण लोक म्हणतात म्हणून सांगतो. २०१९ आणि २०२१ चा पूर काही प्लॅस्टिकमुळं आला नाही, तो पावसाचा आणि नदीचा होता, उगाच कशालाही काहीही जोडू नये. पण एरवीच्या नुसत्या तासाभराच्या पावसात गल्लीत गुडघाभर पाणी साचतं ना, तिथं गटारीचं तोंड उघडून बघा, पिशव्या आणि पाकिटांचा बोळा बसलेला असतो.

आणि गाडीत एकत्र होतंय म्हणून गप्प बसू नका. घनकचऱ्याच्या सरकारी नियमात आपण वेगळा द्यायचा हे जसं आहे तसंच तो वेगळाच नेला पाहिजे हेही आहे. दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणारी हॉटेलं, कार्यालयं, मोठ्या सोसायट्या ह्यांच्यावर वेगळी जबाबदारी टाकलेली आहे. गाडीचा नंबर, वेळ आणि फोटो घेऊन वॉर्डच्या आरोग्य निरीक्षकाला लेखी द्या, गल्लीतल्या दहा जणांच्या सह्या असल्या तर अजून बरं. ड्रायव्हरशी भांडू नका, त्याला गाडीत दोन कप्पे दिलेत का ते आधी बघा.


जवाहरनगरची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. बॉक्साइटचं आमच्या ह्यांना वाचून दाखवलं, ते राधानगरीचेच, गप्प बसून ऐकलं आणि संध्याकाळी माळ्यावरची जुनी अ‍ॅल्युमिनियमची पातेली स्वतः खाली काढली. सासूबाई म्हणाल्या बादली आण, बघू. अजून थोडं विचारते. पॅड आणि डायपर कशात टाकायचे? सासऱ्यांना शुगर आहे, इन्सुलिनच्या सुया निघतात, त्या मी आत्तापर्यंत सुक्यातच टाकत आलेय पण बावड्याच्या दादांचं वाचून आता हात धजत नाही. जुन्या गोळ्या, बंद पडलेल्या ट्यूब, रिमोटचे सेल, असलं पण एका ड्रॉवरमधे साठलंय.


राजारामपुरी_सिस्टर

मी दवाखान्यात काम करते, सुयांचं आधी ऐका. टोपण असलेली जाड प्लॅस्टिकची बाटली घ्या, औषधाची किंवा फिनेलची रिकामी, त्यावर मार्करनं सुया असं मोठं लिहा आणि वापरलेली सुई झाली की लगेच त्यात. टोपण परत सुईला लावायच्या नादात बोटाला टोचतं, म्हणून तशीच आत टाका. बाटली पाऊण भरली की घट्ट बंद करून तुमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात विचारून द्या, दवाखान्यांचा जैववैद्यकीय कचरा वेगळाच जातो. कचरा उचलणाऱ्या माणसाला सुई टोचली तर कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही एवढ्यांची भीती असते आणि त्याला नंतर तपासण्या करत फिरावं लागतं.

पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल पेननं खूण करा, वेगळ्या छोट्या पिशवीत जमा करा आणि ओल्या-सुक्यात न मिसळता गाडीला हातात द्या. बाथरूममधे फ्लश अजिबात करू नका, त्यातलं जेल पाणी पिऊन फुगतं आणि खालच्या मजल्याचा पाइप तुंबतो. डायपरमधली घाण आधी संडासात टाकायची, मग तसंच गुंडाळून. जमत असेल तर घरात कापडी लंगोट वापरा, डायपर फक्त बाहेर जाताना. एका बाळाच्या डायपरचा ढीग बघितला की कळतं किती आहे ते.

मुदत संपलेल्या गोळ्या बेसिनमधे ओतू नका, पाण्यात जातात. पाकिटासकट वेगळ्या ठेवा. जुन्या ट्यूब आणि सीएफएलमधे पारा असतो, फोडू नका, त्यांच्याच खोक्यात ठेवा. फुटलीच तर खिडक्या उघडा, पोरांना बाहेर काढा आणि झाडू न मारता जाड कागदानं गोळा करा, झाडूनं पारा पसरतो. एलईडीत पारा नसतो पण तो ई-कचऱ्यात. मोबाईलची फुगलेली बॅटरी सुक्या कचऱ्यात चुकून पण जाऊ देऊ नका, गाडीत दाबली गेली की पेट घेते. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदार परत घेतोच, तिच्यातलं शिसं परत वापरात येतं.


उचगाव_स्क्रॅपवाला

सिस्टरनं सांगितलं ते आमच्या पोरांच्या वतीनं हात जोडून सांगतो, सुयांचं तेवढं नक्की करा.

वहिनी, एक सुचवू का, एका घरचा माल थोडा असतोय, त्यासाठी कुणी तिसऱ्या मजल्यावर चढत न्हाई, म्हणून लोक कंटाळून गाडीत टाकतात. जिन्याखाली कोपरा असंल तर अपार्टमेंटची दोन पोती ठेवा, एक कागद-पुठ्ठ्याचं, एक प्लॅस्टिक-पत्र्याचं, आणि महिन्यातनं एकदा भंगारवाल्याला बोलवा. एवढा माल म्हटल्यावर तो टेम्पो घेऊन येतोय. काट्यावर वजन स्वतः बघा, आणि आलेल्या पैशातनं जिन्याचा बल्ब, बादल्या, जे लागंल ते घ्या. कुणाच्या वाट्याला किती ह्यावरनं भांडण होत न्हाई.


शिवाजीपेठकर

बावड्याच्या भावाचं पटलं. गाडीत काय होतंय त्यावर मी अडून बसलो होतो, पण गाडीत जाऊच द्यायचं नाही ही बाजू मला माहीत नव्हती. सह्यांचा अर्ज पण करतो.

आमच्या तालमीच्या मागं थोडी मोकळी जागा आहे. गणपतीत पंचगंगा घाटावर निर्माल्य वेगळं गोळा होतं ते आता लोकांच्या अंगवळणी पडलंय, पण वर्षभर घराघरातनं हार-फुलं निघतात ती अजून पिशवीत बांधून पुलावरनं नदीत टाकणारे आहेत. तालमीच्या मागं निर्माल्याचा खड्डा करता येईल का? पोरं आहेत करायला. पावसाळ्यात भरून वाहील का ही शंका आहे.


कळंबा_गच्चीबाग

भाऊ, जरूर करा, पण खड्डा नको, जमिनीवर करा. आपल्याकडचा जून-जुलैचा पाऊस बघता खड्ड्यात पाणी साचणारच आणि मग वास, डास. विटांची जाळीसारखी भिंत करा, दोन विटांमधे बोटभर फट सोडून, साधारण मीटरभर लांब-रुंद-उंच. खाली विटांचे तुकडे आणि वाळक्या फांद्या, वर पत्रा उताराला बसवा आणि बाजूनं बारीक जाळी मारा म्हणजे घुशी येणार नाहीत. असे दोन कप्पे एकमेकांना लागून असले तर एक भरतंय तोवर दुसऱ्यातलं तयार होतंय.

फुलं लवकर कुजतात पण ती पण ओलीच असतात, त्यामुळं पाला नाहीतर उसाचं वाळलेलं पाचट थराथरानं घाला, पाचट तर गावाकडनं येणाऱ्या कुणालाही आणायला सांगा. आधी हारातला दोरा, जरीची पट्टी, प्लॅस्टिकचे मणी, उदबत्तीची पुडी हे काढायचं काम असतंय, ते एकदम खूप साठलं की कुणी करत नाही, म्हणून टाकणाऱ्यानंच तिथं उभं राहून काढावं आणि बाजूला त्यासाठी एक डबा टांगून ठेवावा. नारळ अख्खे टाकू नका, करवंटी कुजायला फार काळ घेते, शेंड्या मात्र भरपूर घाला.

ताई, तुम्हाला भुसा टिंबर मार्केटमधे मिळेल, पोत्यानं देतात. घेताना एक बघून घ्या, प्लायवूड किंवा एमडीएफ (भुसा दाबून केलेली फळी) कापलेला भुसा नको, त्यात डिंक-केमिकल असतं, तो पिठासारखा बारीक आणि एकसारख्या रंगाचा दिसतो. अस्सल लाकडाचा भुसा थोडा जाडाभरडा, चुरचुरीत असतो, हातात घेतला की लाकडाचा वास येतो. पावसाळ्याआधी दोन पोती कोरडी भरून ठेवा, जुलैत ओलाच मिळतो.